आराखडा कचेरीच्या कपाटात, दारूगोळा गावाच्या उशाशी



नागपूर, वर्धा आणि भंडारा या तीन जिल्ह्यांतले स्फोट आधी एका ओळीत मांडू या. 31 मे 2016, पुलगावचे लष्करी दारूगोळा कोठार. मरणाऱ्यांत बहुतेक आग विझवायला गेलेले. 20 नोव्हेंबर 2018, पुन्हा पुलगाव. जुना दारूगोळा नष्ट करताना 6 जण गेले, त्यांत बहुतेक रोजंदारीचे मजूर. 17 डिसेंबर 2023, बाजारगाव. 9 जण गेले, त्यांतल्या 6 बाया. 13 जून 2024, धामणा. पुन्हा बायाच जास्त. 24 जानेवारी 2025, भंडाऱ्याजवळ जवाहरनगर. 8 कामगार छताखाली गेले.

दर वेळी काय झाले? मंत्री आले, मदत जाहीर झाली, चौकशी समिती बसली. कुंपणाबाहेरच्या गावाने करायचे काय, हे मात्र गावाला कोणीच सांगितले नाही.

आमचे म्हणणे नीट समजून घ्या. कारखाने बंद करा असे आम्ही म्हणत नाही. कोळशाच्या खाणींना दारू लागते, विहीर खोदताना खडक फोडायलाही लागते. आमच्या लेकी तिथे रोजाने का जातात तेही आम्हाला ठाऊक आहे. कोरडवाहू कपाशीने आणि ज्वारीने घर चालले असते, तर सकाळच्या पाळीला दारू भरायला कोणाची पोर गेली असती? शेतीचा भाव मारायचा आणि मग तिथून निघालेल्या माणसाला स्वस्त मजूर म्हणून स्फोटकांपाशी बसवायचे, हा सरकारी धोरणाचाच हिशेब आहे. तो वेगळा वसूल करू. आज प्रश्न आहे कागदाचा.

कागद नाही असे नाही. भोपाळमध्ये 1984 साली हजारो माणसे मेली, तेव्हा सरकारला जाग आली. 1989 च्या नियमांनी ठरवले की, धोकादायक माल ठेवणाऱ्या कारखान्याने आवारातला आराखडा करायचा आणि आवाराबाहेरचा आराखडा जिल्ह्याच्या यंत्रणेने करायचा. त्याची वर्षातून एकदा तरी रंगीत तालीम घ्यायची. आसपासच्या लोकांना धोका कोणता आणि त्या वेळी करायचे काय, हे आधीच सांगायचे. 1996 च्या नियमांनी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली आपत्ती गट नेमला. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरण आणले. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष आपण निवडून दिलेला जिल्हा परिषदेचा अध्यक्ष. देशातल्या स्फोटकांवर नजर ठेवणाऱ्या खात्याचे मुख्य कार्यालयही दिल्लीत नाही, नागपुरातच आहे.

मग आम्ही विचारतो, बाजारगाव-धामण्याच्या परिसरात अशी तालीम कोणत्या शेतकऱ्याने पाहिली? कोणत्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हा आराखडा लागला? जो आराखडा गावाने पाहिला नाही, तो गावासाठी नाहीच. तो चौकशी समितीला दाखवण्यासाठी आहे.

माहिती न देण्याची किंमत काय असते, ते अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी भोगले आहे. भोपाळनंतर 1986 साली तिथेही कायदा झाला. गावोगावच्या लोकांना घातक साठ्यांची माहिती द्यायची, स्थानिक समित्या करायच्या, असे ठरले. तरीही टेक्सासमधल्या वेस्ट नावाच्या छोट्या गावात 17 एप्रिल 2013 रोजी खताच्या गोदामाला आग लागली. आत अमोनियम नायट्रेट होते. गावचे स्वयंसेवक नेहमीची आग समजून विझवायला धावले. सुमारे वीस मिनिटांत गोदाम उडाले. 15 जण मेले आणि त्यांतले 12 मदतीला धावलेले होते. कायदा होता, समिती होती. पण त्या आगीजवळ थांबायचे नसते, हे धावणाऱ्यांना कोणी पक्के शिकवले नव्हते.

आपल्या गावात आग लागली की माणूस बादली घेऊन पळतो. हा आपला चांगुलपणा आहे. दारूच्या आगीत तोच जीव घेतो. म्हणून सरकार सांगेल तेव्हा सांगेल, आम्ही आजच सांगतो. स्फोटकांच्या कारखान्याला किंवा ट्रकला आग लागली तर विझवायला जाऊ नका, बघायलाही जाऊ नका. निदान दीड किलोमीटर दूर व्हा. खिडकीच्या काचेपाशी उभे राहू नका. दावणीची गुरे सोडा. एक स्फोट झाला म्हणजे संपले असे समजू नका. वावरात पडलेला तुकडा उचलू नका, पोरांना हात लावू देऊ नका. 112 ला कळवा.

साहेब म्हणतील, माहिती दिली तर लोक घाबरतील. साहेब, लोक घाबरलेलेच आहेत, फक्त अडाणी ठेवलेले आहेत. साहेब म्हणतील, सुरक्षेची बाब आहे. दारू कशी बनते ते आम्ही विचारतच नाही. भोंगा कोणता, रस्ता कोणता, अंतर किती, जळालेल्या माणसाला न्यायचे कोणत्या दवाखान्यात, एवढेच विचारतो. कोठार लष्कराचे असेल, पण कुंपणाबाहेरचे गाव जिल्हाधिकाऱ्यांचे आहे.

येत्या ग्रामसभेत हा ठराव घ्या:

1. आवाराबाहेरचा आराखडा मराठीत, नकाशासह ग्रामपंचायतीत लावावा.
2. वर्षातून एकदा तालीम गावात, गावकऱ्यांना घेऊन व्हावी. भोंग्याचा आवाज लेकरालाही ओळखता यावा.
3. आराखड्यात माणसांबरोबर गुरांची मोजणी असावी. घरात भरलेला कापूस आणि गोठ्याजवळची कडब्याची गंजी यांना ठिणगी लागली तर काय, हे त्यात लिहिलेले असावे.
4. भाजलेल्यांवर उपचाराची सोय तालुक्याच्या दवाखान्यात असावी.
5. तडे गेलेली घरे, विहिरी आणि मेलेली गुरे यांची भरपाई हक्क म्हणून ठरलेल्या मुदतीत मिळावी.

ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना द्या, पोच घ्या. महिन्यात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: आराखडा दाखवा, शेवटची तालीम कोणत्या तारखेला झाली ते सांगा. तारीख नसेल तर तेच उत्तर घेऊन जिल्हा मेळाव्याला या. पुढचा कार्यक्रम तिथे ठरवू.