लहान ट्रॅक्टरची खरी ताकद

रावेर तालुक्यात केळीच्या बागेने लहान ट्रॅक्टरला हक्काचे स्थान मिळवून दिले आहे. मृगबाग असो वा कांदेबाग, पाच बाय पाच किंवा सहा बाय पाच फुटांवर लावलेल्या कोवळ्या बागेत वखरणी करणे, खोडांना मातीची भर देणे, फवारणीचे यंत्र फिरविणे ही कामे मोठ्या ट्रॅक्टरला साधत नाहीत. ओळींमधून नीट जाईल असा अरुंद, पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टरच तेथे उपयोगी पडतो.

परंतु यंत्र घरी येऊन एक हंगाम लोटला की ‘ताकद कमी पडते’ ही तक्रार ऐकू येऊ लागते. बागेसाठी घेतलेल्या यंत्राकडून नांगरटीची आणि घडांनी भरलेली ट्रॉली ओढण्याचीही अपेक्षा केली जाते. मग डिझेल पंपाचे सील तोडून इंधन वाढविणे, गव्हर्नर ताणून एंजिनाचे फेरे वाढविणे, मापाबाहेरचे टायर चढविणे, ट्रॉलीचा हूक वर बांधणे असे उपाय सुरू होतात. शेतकऱ्याची गरज खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे. लहान ट्रॅक्टरची ताकद बहुधा एंजिनात कमी नसते. ती चाक आणि जमीन यांच्यामध्ये वाया जात असते. म्हणून सुधारणाही तेथेच झाली पाहिजे.

पंपाचे सील का तोडू नये

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. पंपातून इंधन वाढविले तरी सिलिंडरात येणारी हवा वाढत नाही. थोडी शक्ती वाढलेली दिसते; परंतु उरलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. उष्णता वाढून पिस्टन, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांचे आयुष्य घटते. क्लच, गिअर आणि ब्रेक मात्र मूळ शक्तीच्याच बेताचे राहतात. गव्हर्नर ताणण्याचा परिणाम याहूनही वाईट होतो. पी.टी.ओ.वर चालणारी बहुतेक अवजारे मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनविलेली असतात. फेरे वाढले की रोटाव्हेटरची पाती आणि जोडदांडा यांवर अपेक्षेबाहेर ताण येतो, आणि तुटलेला तुकडा जवळ उभ्या असलेल्या माणसाला ओळखत नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा फेरफार वाहनात करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने मनाई केली आहे. अपघात झाल्यास विम्याची भरपाई मागताना हाच फेरफार आड येण्याचा संभव असतो. कर्ज काढून घेतलेल्या यंत्राच्या बाबतीत हा धोका पत्करणे कोणत्याही कुटुंबाच्या हिताचे नाही.

फर्ग्युसनचा धडा

थोड्या अश्वशक्तीत अधिक काम कसे घ्यावे, हा प्रश्न नवा नाही. उत्तर आयर्लंडातील हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) याने त्यावरच आपले आयुष्य वेचले. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढला जाई. तो दगडात अडकला की चाके जागीच थांबत, पुढचा भाग उचलला जाई आणि ट्रॅक्टर उलटून चालकाच्या अंगावर पडे. फर्ग्युसनने अवजार तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिक यंत्रणेने उचलण्याची पद्धत सिद्ध केली व १९३६ मध्ये ती आपल्या ट्रॅक्टरवर बाजारात आणली. या जोडणीने अवजाराचे वजन व मातीचा दाब मागील चाकांवर येऊन पकड वाढते, आणि वरची दांडी पुढे रेटा देत असल्याने पुढची चाके जमिनीवर राहतात. तीस अश्वशक्तीहून कमी शक्तीचा त्याचा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाला. त्याचे यश एंजिनाच्या नव्हे, जोडणीच्या बळावर होते.

ही जोडणी आज गावातील लहान ट्रॅक्टरलाही असते. तरी ट्रॉली ओढण्यासाठी हूक आसाच्या वर, कित्येकदा टॉप लिंकच्या जागी बांधला जातो आणि फर्ग्युसनने टाळलेला मृत्यू पुन्हा घरी बोलाविला जातो. ओढण्याचे प्रत्येक ओझे आसाच्या खाली, उत्पादकाने दिलेल्या ड्रॉबारलाच जोडले पाहिजे. यात सवलत नाही.

घसर मोजावी

चाकांची घसर मोजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. मागील टायरवर चुन्याची खूण करावी. अवजार उचलून चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि अंतर मोजावे. नंतर त्याच जमिनीत, त्याच गिअरमध्ये, अवजार कामाला लावून पुन्हा दहा फेऱ्यांचे अंतर मोजावे. समजा, पहिले अंतर ३० मीटर आणि दुसरे २४ मीटर भरले, तर घसर २० टक्के झाली. म्हणजे चाकांपर्यंत पोहोचलेल्या शक्तीचा पाचवा भाग फुकट गेला. मशागत केलेल्या जमिनीत ही घसर दहा ते पंधरा टक्क्यांच्या आसपास असावी.

घसर अधिक असेल तर प्रथम टायरमधील हवा माहितीपुस्तकाप्रमाणे आहे की नाही ते पाहावे. रस्त्यासाठी भरलेली जादा हवा शेतात पकड कमी करते. त्यानंतर चाकांना वजने लावावीत किंवा टायरमध्ये तीन-चतुर्थांशापर्यंत पाणी भरावे. थंड देशांत हे पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळावा लागतो. खानदेशात त्याची गरज नाही. मागे वजन वाढविताना पुढची चाके हलकी होऊन सुकाणू निकामी होणार नाही, याची खबरदारी घ्यावी.

वजनालाही मर्यादा आहे. केळीची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच पसरतात आणि ओली काळी जमीन दाबाने लवकर घट्ट होते. म्हणून नांगरटीसाठी चढविलेले वजन बागेत शिरण्यापूर्वी उतरवावे व वाफसा आल्यावाचून यंत्र बागेत घालू नये. घसर दहा टक्क्यांहून बरीच कमी आढळल्यास वजन जास्त झाले असे समजावे.

बागेसाठी चाके जवळ घेतलेला ट्रॅक्टर बांधावर आणि उतारावर लवकर कलंडतो. चाकांतील अंतर उत्पादकाने दिलेल्या छिद्रांवरच बदलावे. रिंग कापून किंवा वेल्डिंग करून नव्हे. बागेचे काम संपल्यावर वाहतुकीसाठी ते पुन्हा वाढवावे. सुकी आणि भोकर नद्यांच्या काठच्या उतरणीवर तर हा नियम विसरून चालणार नाही.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. यंत्र हाती देताना माहितीपुस्तक उघडून समजावून देणारे थोडे. सील तोडून देणारे मात्र वाटेवर भेटतात. ही उणीव ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी भरून काढली पाहिजे. मृगापूर्वी प्रत्येक गावी एका शेतात घसर मोजण्याचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. तालुक्यातच पाल येथे कृषि विज्ञान केंद्र आहे. त्याचे साहाय्य अवश्य घ्यावे. हवेची गाळणी साफ करणे, हूकची उंची तपासणे व अवजाराची रुंदी यंत्राला झेपते की नाही ते पाहणे, एवढी तीन कामे शेतकऱ्याच्या देखत करून दाखविली तरी पुष्कळ साधेल.

पंप ताणून मिळालेली ताकद उसनी असते आणि तिचे व्याज एंजिन फेडते. जोडणी, वजन आणि हवा यांच्या योग्य मेळाने मिळालेली ताकद यंत्राची स्वतःची असते. तीच शेतकऱ्याने मिळवावी.