लिंबावरील फुलपांखरूं आणि बांधावरील नाकतोडा

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील लिंबू-मोसंबीच्या बागांतून जें काळेंपिवळें फुलपांखरूं भिरभिरतें, त्याचें सर्वांस कौतुक. आणि बांधावरच्या गवतांतील लांब मिशांचा हिरवा नाकतोडा दिसला कीं तो चिरडावयाचा. हा न्याय आमच्या मतें उलटा आहे.

या फुलपांखरास शास्त्रज्ञ पॅपिलिओ डेमोलियस म्हणतात. मादी कोंवळ्या पालवीवर एकएक अंडें सुटें घालते. अळी प्रथम पांखराच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळें बागवानाची नजर चुकते. पुढें ती हिरवी होते, आणि डिवचली असतां डोक्यामागून नारिंगी दुशिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. रोपवाटिकेंतील रोपें ती पार ओरबाडून टाकते. सन २०१५ मध्यें महाराष्ट्र सरकारनें राज्य-फुलपांखराचा मान दिलेली राणी पाकोळी याच प्रजातींतील. तिच्या अळ्याही लिंबूवर्गीय पानेंच खातात. मान मिळाल्यानें खाणें थोडेंच बदलतें !

नाकतोड्यास लोक टोळ समजतात. टोळाच्या मिशा आंखूड व जाड असतात. याच्या दोऱ्यासारख्या बारीक व शरीराहूनही लांब. कोनोसिफॅलस मॅक्युलॅटस ही याची गवतांत राहणारी एक लहान जात. नर पुढचे पंख एकमेकांवर घांसून बारीक स्वर काढतो, आणि तो ऐकण्याचे कान पुढच्या पायांत असतात ! गवताचा फुलोरा व बीं तो खातो, तसेच लहान किडेही खातो. त्याच्याच प्रजातींतील दुसरी एक जात भातावरील खोडकिड्याचीं अंडीं खाण्याबद्दल नांवाजलेली आहे. तो अगदीं साधुपुरुष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्यास अळी-कोशाची अवस्था नसते, पिलूं बिनपंखी असलें तरी मोठ्यांच्याच वळणाचें असतें, म्हणून त्याचा धंदा काय तो प्रथमपासून उघड दिसतो. फुलपांखराचें तसें नाहीं. पंख फुटल्यावर तें फुलांतील मध पिऊन राहतें. नासाडी त्यापूर्वींच होऊन गेलेली असते.

सोयाबीनवर चार टोळ दिसतांच बांधासकट फवारणी करणें आम्हांस पटत नाहीं. यांत पैसाही जातो व किडे खाणारेही मरतात. बांध म्हणजे मोजणीच्या नकाशावरची रेघ, त्याची आठवण भावकीच्या कज्ज्यापुरती, असें मानणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं निदान औषध कालविण्यापूर्वीं किड्याच्या मिशा पाहाव्या. लिंबाच्या लहान रोपांवर नवी पालवी फुटतांच पानें उलटसुलट पाहून अंडीं व अळ्या हातानें वेंचाव्या आणि साबणाच्या पाण्यांत टाकाव्या. हें काम घरचीं मुलेंही करूं शकतात.