आपल्या हरकती

बेघरांसाठी राज्याने कायदा करायचा झाला, तर आधी महापालिकांना आणि नगरपालिकांना विचारले पाहिजे, याविषयी दुमत होऊ नये. ज्या फुटपाथवर बेघर माणूस झोपतो तो पालिकेच्या हद्दीत असतो, त्याला लागणारे पाणी, शौचालय आणि दवाखाना पालिकेच्याच हाती असतो. शहरी गरिबीचे निवारण आणि दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण हे विषय 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत घातले, ते याच विचाराने. पण पालिका बोलते तेव्हा तिच्या तोंडून आपण नागरिकच बोलत असतो, आणि या प्रश्नावर आपण आजवर काय बोललो ते आठवले की मान खाली जाते.

निवारागृहासाठी एखाद्या विभागात जागा पाहिली जाते आहे अशी नुसती कुणकुण लागली, तरी सोसायट्यांमध्ये निवेदने तयार होतात. मुलींची सुरक्षितता, अस्वच्छता, घरांच्या उतरणाऱ्या किमती ही कारणे क्रमाने लिहिली जातात आणि शेवटी एक वाक्य हमखास असते: निवाऱ्याला आमचा विरोध नाही, परंतु ही जागा योग्य नाही. सह्या करणारे शिकलेले, देवभीरू, दानधर्म करणारे लोक असतात. त्यांत तुम्ही असता, मीही असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली मोठ्या शहरांना लाख वस्तीमागे एक, चोवीस तास आणि बारमाही उघडा असा निवारा उभारायला सांगितले. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवे होते. त्याच गणनेत या शहरात 57 हजारांहून अधिक माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. निवाऱ्यांच्या त्या आकड्याजवळही आपण पोहोचलो नाही. दोष सरकारी दिरंगाईचा आहेच, पण त्या दिरंगाईला आपल्या हरकतींचा भक्कम आधार मिळत आला आहे.

ही वृत्ती शहराने नव्याने निर्माण केलेली नाही. गावकुसाच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्याची सवय आपल्याला पिढ्यान्पिढ्या आहे. ज्याला जमीन नाही, वतन नाही, तो गावाच्या सोयीपुरता जवळ आणि वस्तीला लांब; भटका असेल तर तीन दिवसांवर त्याने थांबू नये, आणि चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला, तेव्हा आपल्या समाजाला तो परका वाटला नाही. 1952 साली तो रद्द झाला. सातच वर्षांनी, 1959 साली, मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. हा परकीयांचा नव्हे. आपल्याच विधिमंडळाने केलेला. उपजीविकेचे दृश्य साधन नाही आणि सार्वजनिक जागी अशा रीतीने फिरतो वा थांबतो की भीक मागूनच जगत असावा असे वाटावे, एवढ्यावर माणूस भिकारी ठरू शकतो. वॉरंटाशिवाय अटक, पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची प्रमुख कलमे तिथल्या उच्च न्यायालयाने 2018 साली घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्यात तो जन्मला तिथे आपण निवांत आहोत.

पहाटे अतिक्रमणविरोधी पथक येते तेव्हा फुटपाथवर ‘गाडी आली’ अशी हाक पसरते. बायका आधी पोर उचलतात, मग बोचके. जे राहील ते गाडीत जाते: स्टोव्ह, पातेली, ताडपत्री, आणि पुष्कळदा प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले जन्माचे दाखले आणि आधारकार्ड. तो कागद गेला की रेशन अडते, मुलाचा शाळाप्रवेश अडतो, आणि कोणत्याही योजनेचे दार त्या घराला बंद होते. आता एक नियम पाहा. बेघराचे नाव मतदारयादीत घालायचे असेल तर निवडणूक कर्मचाऱ्याने रात्री जाऊन तो सांगितलेल्या जागी खरोखर झोपतो याची खात्री करावी, अशी तरतूद आहे. त्याची झोप हाच त्याच्या रहिवासाचा पुरावा राज्य मानते, आणि त्याच जागेवरून नगर त्याला उठवते. या विसंगतीविषयी पालिका सभागृहांत किती वेळा गंभीर चर्चा झाली? मुंबईत तर मार्च 2022 नंतर तीन वर्षांहून अधिक काळ लोकनियुक्त सभागृहच नव्हते, आणि त्या उणिवेने आपली झोप उडाली नाही.

म्हणून राज्याने पालिकांचे मत मागवावे, पण ते तक्रारवहीतून उतरवलेले नसावे. कोणत्या विभागात किती माणसे उघड्यावर झोपतात, त्यांत बायका किती, आजारी किती, निवारा कामाच्या जागेपासून किती लांब असला तर ते तिथे जाणार नाहीत, जप्त केलेले कागद कोणी आणि किती दिवसांत परत करायचे, हे पालिकेने त्या माणसांनाच विचारून लिहावे. 1959 चा कायदा रद्द करण्याची शिफारस त्याच पत्रात असावी. पुढच्या वेळी आपल्या विभागात निवाऱ्याच्या जागेवर हरकती व सूचना मागवल्या जातील, तेव्हा हरकतींच्या गठ्ठ्यासमोर ‘ही जागा द्या’ असे लिहिलेले आपल्या सोसायटीचे पत्र प्रभाग कार्यालयात पोहोचले पाहिजे.