घरच्या घरी दोनशे व्होल्ट

मराठी माणसाला ‘घरच्या घरी’ या दोन शब्दांचं भारी वेड. घरच्या घरी गोडा मसाला, घरच्या घरी उटणं, घरच्या घरी केस कापणं. इथवर माझी तक्रार नाही. मसाला बिघडला तर आमटी बिघडते, उटणं बिघडलं तर ऐन दिवाळीत खाज सुटते, आणि केस काय, पुन्हा उगवतात. पण माझ्या मेहुण्यानं घरच्या घरी हायब्रिड गाडीची बॅटरी दुरुस्त करायला घेतली, आणि त्या दिवसापासून मी या दोन शब्दांचा जाहीर शत्रू झालो आहे.

मेहुणा शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात असतो. कांदा, ऊस आणि आत्मविश्वास ही त्याची तीन पिकं. पैकी तिसऱ्याला पाणी लागत नाही. त्यानं पुण्याहून एक जुनी हायब्रिड गाडी आणली. ही गाडी पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही. ब्रेक मारला की वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत साठते. “दाजी, ब्रेक मारला की खात्यात जमा!” असं बापू म्हणाला, तेव्हाच बँकेतला मनुष्य म्हणून मी सावध व्हायला हवं होतं. दोन वर्षांनी समोरच्या काचेखाली लाल त्रिकोण उगवला. नव्या बॅटरीची किंमत विचारली तर ती माझ्या चार महिन्यांच्या पगाराएवढी निघाली. मग बापूनं मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले आणि रात्रीतून इंजिनिअर झाला.

रविवारी आम्ही सहकुटुंब पोचलो तेव्हा गाडीची मागची सीट तुळशीपाशी उभी होती आणि बॅटरी ओसरीवर, सासूबाईंच्या वाळवणाच्या खाटेवर, झाकण काढून पडली होती. बापूच्या हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे, बोटात अंगठी, मनगटात स्टीलचं घड्याळ.

आता या बॅटरीविषयी दोन शब्द. हायब्रिड गाड्यांतली थोरली बहीण म्हणजे प्रियस. ती जपानात १९९७ साली आली. तिच्या तिसऱ्या पिढीच्या बॅटरीत २८ खोकी एकापुढे एक जोडलेली असतात. प्रत्येक खोक्यात सहा सेल, दाब ७.२ व्होल्ट. २८ गुणिले ७.२ म्हणजे २०१.६. मी कॉमर्सचा पदवीधर, गुणाकार स्वतः करून पाहिला, जुळला. बापूच्या खाटेवर होती ती याच कुळातली.

मदतीला म्हणून बापूनं मोटारी भरणाऱ्या तात्यांना बोलावलं होतं. उभा जन्म विहिरीच्या मोटारी भरण्यात गेलेला माणूस. त्यांनी ओसरीची पायरीसुद्धा चढली नाही. म्हणाले, “बापू, मोटारीला हात लावायच्या आधी आपण काय करतो? फ्यूज काढतो. हिचा फ्यूज कुठनं काढशील? ही मोटार न्हाय बाबा, ही डीपी हाय. डीपी कुणी वाळवणाच्या खाटेवर उघडतं का?” आणि चहासुद्धा न घेता गेले.

तात्यांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते तीन व्हिडिओंना जमलं नव्हतं. अशा बॅटरीला एक नारंगी मूठ असते. ती ओढून काढली की साखळी मध्येच तुटते, पण तुटलेल्या तुकड्यांतली वीज जिथल्या तिथे राहते. तिला बंद करायचं बटण जगात नाही. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, हा डीसी. एकदा ठिणगी पेटली की तो तिला सहज विझू देत नाही.

“तात्या जुन्या काळातले,” असं बापू हसत म्हणाला आणि त्याच्या हातून पाना सुटला. त्याचं एक टोक एका तांब्याच्या पट्टीवर पडलं, दुसरं चार घरं पलीकडच्या. डोळे दिपले, फट्ट असा आवाज झाला आणि पान्याचा जबडा मेणासारखा ओघळला. दोन हातांवर सहा वर्षांचा भाचा बॅट घेऊन उभा होता. तो टाळ्या पिटत म्हणाला, “पप्पा, अजून एकदा वाजवा ना!”

त्या क्षणी सौ.नं भावाकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती इतकी वर्षं फक्त माझ्यासाठी राखीव होती.

बापूचा हिशेब साधा होता: नवी बॅटरी वजा चार जुनी खोकी बरोबर बचत. पण बँकेच्या ताळेबंदात आकस्मिक देणी नावाची एक यादी असते. आकडे जमेत किंवा खर्चात दिसत नाहीत, पण सही करणाऱ्याला त्या यादीनं झोप लागत नाही. बापूच्या ताळेबंदात त्या सदराखाली त्याचा मुलगा उभा होता. आणि बचतही खोटीच. सगळी खोकी एका वयाची. आज एक मेलं ते बदललंत, उद्या शेजारचं मरतं. जुन्या धोतराला नवं ठिगळ लावल्यासारखं. नीट काम करायचं तर प्रत्येक खोकं यंत्रावर अनेकदा भरून-रिकामं करून, किती धरतं ते मोजून, जोडीला जोड लावावी लागते. हे हजार व्होल्टचे हातमोजे घालणाऱ्या शिकलेल्या कारागिराचं काम.

तुम्ही म्हणाल, म्हणजे कंपनी मागेल ते मुकाट्यानं मोजायचे? मुळीच नाही! एक दात किडला म्हणून कवळी बसवायला सांगणाऱ्या दुकानदाराशी भांडाच. नव्या हायब्रिडच्या बॅटरीवर आज अनेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात, ती कागदावर घ्या. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, त्याची आठवण द्या. पण भांडण काउंटरवर करा, खाटेवर नको. काउंटरवरच्या भांडणात माणूस दगावल्याचं मी वीस वर्षांत पाहिलेलं नाही.

शेवटी बापूची बॅटरी पुण्याच्या एका जाणत्या कारागिराकडे गेली. त्यानं आधी मागच्या सीटजवळची जाळी काढली. बॅटरीला थंड हवा तिथून मिळते. आत निमोण्याची धूळ आणि मूठभर कांद्याची सालं! बापू त्या सीटवर कांद्याची पोती वाहत होता. बॅटरीचं नाक चोंदलं होतं आणि आम्ही तिचं पोट फाडायला बसलो होतो. ती जाळी मात्र घरच्या घरी साफ करता येते. गाडी बंद करून, ब्रशनं. एवढ्यापुरते मी ते दोन शब्द मागे घेतो.

वितळलेला पाना सासूबाईंनी ओसरीतल्या खिळ्याला टांगला आहे. परवा बापू तात्यांकडे गेला आणि सल्ल्याचे किती झाले म्हणून विचारलं. तात्या म्हणाले, “नाही म्हणायचे मी पैसे घेत नाही. आता चहा पाज.”