'जाऊ दे' म्हणता म्हणता वाट गेली

जळगाव-धुळ्याच्या शिवारात मी हे पाह्यलंय. जुन्या वतनाच्या तुकड्याकडं जाणारी गाडीवाट. एका साली शेजाऱ्याच्या नांगराचं एक तास आत येतं. पुढल्या साली दोन. मग वाटेवर कापूस, नाहीतर केळी. तोंडाला बाभळीची काटी. आमचा म्हातारा म्हणतो, "जाऊ दे पोरा, गावात राह्यचंय."

कायदा हे 'जाऊ दे' मोजत बसतो.

१८८२ च्या इझमेंट कायद्याचं ४७ वं कलम वाचा. सलग २० वर्षं वाट तुडवली नाही, तर दुसऱ्याच्या रानातून जायचा हक्क मेला. वाट वापरताच येत नव्हती? हक्क आहे हेच ठाऊक नव्हतं? कलम म्हणतं, त्यानं फरक पडत नाही. वाटेखालची जमीनच तुमची असंल आणि दुसरा उघड उघड मालक म्हणून ती कसत असंल, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानं १२ वर्षांतच खेळ खलास.

आता उलटं बघा. वहिवाटीनं हक्क मिळवायलाही २० वर्षंच. पण उघडपणे, शांतपणे, हक्कानं. मेख 'हक्कानं' ह्या शब्दात आहे. 'जोहार मायबाप, जाऊ का?' म्हणून गेला तो परवानगीनं गेला. परवानगीनं शंभर वर्षं चाला, हक्क शून्य!

भिऊन थांबलो तर हक्क जातो. वाकून चाललो तर मिळत नाही. जातीनं लावलेल्या दोन्ही सवयी कोर्टात आपल्याच विरुद्ध साक्ष देतात. काटी टाकणारा आणि काटीपुढं थांबणारा, दोघांना एकच घड्याळ लावायचं आणि त्याला समान न्याय म्हणायचं!

म्हणून कायद्याला शिव्या घालून घरी बसायचं? नाही. चवदार तळ्यावर स्पृश्यांनी पुरातन रूढीचा दावा सांगितला. दहा वर्षं खटला लढवून बाबासाहेबांनी तो १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात हाणून पाडला. त्याच साली ३१ जुलैला ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्यालाही आले होते.

तेव्हा वाट अडली की ६ महिन्यांच्या आत १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडं दावा टाका. वाट बंद पडून २० वर्षं भरली नसतील, तर 'हक्क सोडलेला नाही' असं जाहीरपत्र रजिस्टर करा. त्या तारखेपासून नवी २० वर्षं मिळतात. हेही त्याच ४७ व्या कलमात आहे, पण आपल्या म्हाताऱ्यांना ते कुणी सांगितलं?

आपण सांगायचं. आणि येत्या पेरणीला गाडी जुंपून त्याच वाटेनं जायचं. न विचारता.