अंडरकट, लोणी आणि एक छोटंसं खोटं

शुक्रवारी रात्री साडेनऊला आईचा फोन येतो. शार्प. तिकडे कोल्हापुरात सीरियल संपली, ओटा आवरून झाला, की पुण्याचा नंबर. आणि पहिला प्रश्न 'कसा आहेस' हा नसतोच. "जेवलास? काय केलेलंस?"

"मटण," मी सांगायचो.

दोन वर्षं हेच सांगत होतो. ताटात असायचं अंडरकट. म्हणजे स्टेक. इंचभराचे तुकडे, बाहेरून कडक तपकिरी, आतून गुलाबी आणि वर लसूण-कोथिंबिरीचं बटर वितळतंय. आमच्या घरी रविवारचं मटण चुकत नाही, पण बोकडाच्या पलीकडे आजवर कुणी गेलेलं नाही. मग कशाला उगाच विषय, म्हणून हे खोटं. तसं छोटंसंच. पण दर शुक्रवारी बोललं की छोटं राहत नाही, बॉस.

ही सगळी भानगड सुरू केली माझ्या रूममेटने. तो मडगावचा. विमाननगरच्या फ्लॅटवर शिफ्ट झालो त्याच आठवड्यात त्याने हे करून खाऊ घातलं. तवा गॅसवर ठेवण्यापासून ताट समोर येईपर्यंत पंधरा मिनिटं. त्यात मांस तव्यावर किती, तर चार-पाच मिनिटं. मी उडालोच. कारण आमच्याकडे अण्णा रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात नंबर लावणार, खांदा-मांडी-नळी निवडून घेणार, आणि ताटात रस्सा पडायला दुपारचा एक वाजणार. पाच मिनिटांत मांस शिजतं? कच्चं नाही ना राहत?

नाही राहत. त्याचं उत्तर जनावराच्या अंगात आहे. खांदा आणि मांडी दिवसभर राबतात. राबणाऱ्या स्नायूंत कोलॅजेन नावाचं चिवट प्रकरण भरपूर असतं. मंद आचेवर तास-दोन तास शिजवलं की त्याचं जिलेटिन होतं आणि मटण 'लोण्यासारखं' लागतं. अंडरकट हा पाठीच्या कण्याला आतून चिकटलेला लांब स्नायू. त्याला आयुष्यभर जवळजवळ काहीच काम नसतं. कोलॅजेन कमी, त्यामुळे जात्याच मऊ. त्याला तासभर शिजवाल तर आतलं पाणी निघून जाईल आणि हातात भुसा येईल. म्हणजे अण्णांची पद्धत बरोबर आणि रूममेटचीही बरोबर, फक्त मांसाची जागा वेगळी.

आता 'मिळतं कुठे' हा प्रश्न. आधी एक गोष्ट क्लिअर करू. महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीवर जुनीच बंदी आहे आणि मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हशीचं मांस त्या बंदीत येत नाही. त्यामुळे आपल्याकडे अंडरकट म्हणजे म्हशीचं. मी कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून आणतो. हे मांस रंगाने जास्त गडद असतं आणि त्यात चरबी कमी असते. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसतात तशा चरबीच्या पांढऱ्या रेषा शोधू नका, मिळणार नाहीत. चरबी कमी म्हणूनच तर बटर लागतं. वरचा पांढरट चिवट पापुद्रा तिथेच काढून घ्या, घरच्या सुरीने तो निघता निघत नाही.

माझा पहिला प्रयत्न म्हणजे निव्वळ कॉमेडी होती. मांस धुतलं, तसंच ओलं कापलं, नॉनस्टिकमध्ये तेल-बटर एकदम टाकलं आणि अर्धा किलो तुकडे एका दमात आत. सगळीकडून पाणी सुटलं. तुकडे त्या पाण्यात रटरटले आणि करड्या रंगाचे झाले. बटरचं पाणी वेगळं, मांसाचं वेगळं. रूममेट म्हणाला, "अरे, तू तर पेज केलीस!"

चुकलं काय होतं, ते नंतर कळलं. पाणी १०० डिग्रीला उकळतं. तव्यावर पाणी आहे तोवर तुकड्याचा पृष्ठभाग त्याच्या फार वर जातच नाही. आणि तो तपकिरी रंग, तो खमंगपणा यायला साधारण १४० डिग्री लागतात. या प्रकाराला मायार रिअ‍ॅक्शन म्हणतात. लुई-कामी मायार या फ्रेंच केमिस्टने १९१२ मध्ये ती मांडली. नाव परकं असलं तरी गोष्ट घरचीच. भाकरीवरचे डाग, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचा वास, सगळं त्याच खात्यातलं. कोल्हापुरी माणसाला भाजण्याचं महत्त्व काय सांगायचं!

म्हणून नियम तीनच. एक, मांस कोरडं. सकाळी ऑफिसला निघण्याआधी तुकडे करून मीठ लावा आणि ताटलीत पसरून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, शिजलेल्या पदार्थांपासून लांब. वर झाकण नको. दिवसभरात मीठ आत मुरतं आणि वरचा भाग सुकतो. संध्याकाळी टिश्यूने एकदा टिपून घ्यायचं. दोन, तवा बिडाचा आणि पुरता तापलेला. नॉनस्टिकला एवढी आच सोसत नाही. आजीचा बिडाचा तवा माळ्यावर पडला असेल, तर आजच खाली काढा. तीन, गर्दी नको. तुकड्यांमध्ये बोटभर अंतर हवं. दोन घाण्यांत करा. ऑफिसात पंधरा मिनिटं लिफ्टची वाट बघता ना, मग इथे पाच मिनिटं जास्त लागली तर काय बिघडलं?

आणखी एक फंडा तुम्ही ऐकला असेल, की मोठ्या आचेवर टाकलं की ज्यूस आत 'लॉक' होतो. होत नाही. लीबिग या जर्मन केमिस्टमुळे एकोणिसाव्या शतकात ही समजूत पसरली, आणि हॅरल्ड मॅगी यांनी १९८४ च्या 'ऑन फूड अँड कुकिंग'मध्ये तिचा व्यवस्थित निकाल लावला. तो तपकिरी थर पाणी अडवत नाही, चव देतो. आणि ताटात उतरणारं लालसर पाणी रक्त नसतं. मायोग्लोबिन नावाच्या प्रोटीनने रंगलेलं पाणी असतं ते. हे कळल्यावर माझ्या टीममधल्या दोघांनी नाक मुरडणं बंद केलं.

राहिलं बटर. फ्रेंच लोक बटरमध्ये पार्सली, लिंबू, मीठ, मिरपूड घालतात आणि त्याला 'मेत्र द'ओतेल' असं भारदस्त नाव देतात. जिनिव्हाच्या 'कॅफे द पारी'च्या नावाने ओळखलं जाणारं बटर तर जगभर फेमस. गंमत म्हणजे त्याच्या अनेक कृतींमध्ये चक्क करी पावडर असते! म्हणजे कोथिंबीर-मिरची घालायला आपण कुणाची परवानगी घ्यायची गरज नाही. फक्त बटर सुरुवातीला टाकू नका. त्यातला दुधाचा अंश लगेच करपतो. आधी तेल, आणि गॅस बंद केल्यावर बटर.

एवढं सगळं मास्टर केलं आणि एका शुक्रवारी अण्णा आले. शनिवारी चुलतबहिणीचं लग्न होतं. येणार होते रात्री दहाला, पण आधीची गाडी मिळाली आणि साडेसातला दारात हजर. पाणी घ्यायला त्यांनी फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यात ताटली. गडद लाल तुकडे, मीठ लावलेले.

"हे कशाचं?"

'मटण' हा शब्द जिभेवर आला होता. पण समोरच्या माणसाने चाळीस वर्षं दर रविवारी मटण निवडून आणलंय. त्यांना काय सांगणार?

"म्हशीचं आहे, अण्णा. अंडरकट म्हणतात."

"आईला ठाऊक आहे तुझ्या?"

"नाही. तिला मटण म्हणून सांगतो."

ते पाणी प्यायले. पेला विसळून पालथा घातला. "खातोस ते खा. लहान आहेस का आता? पण मटण म्हणून कशाला सांगतोस तिला?" एवढं बोलून गॅलरीत जाऊन बसले.

आवाज चढला असता तर बरं झालं असतं. मी वीस मिनिटं नुसता ओट्यापाशी उभा होतो. ताटली परत आत ढकलावी आणि बाहेरून काहीतरी मागवावं, असंही वाटून गेलं. मग ठरवलं, आता लपवायचं तरी काय? रूममेट गावी गेला होता, त्यामुळे मध्ये पडायलाही कुणी नव्हतं.

मी बटर करायला घेतलं. लसूण सुरीने बारीक चिरत होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "चिरू नकोस. ठेच. मिरचीबरोबर ठेच." वासावर आले असणार. खलबत्ता नव्हता, तर त्यांनी स्टीलच्या वाटीत पेल्याच्या बुडाने लसूण, मिरची आणि कोथिंबिरीच्या काड्या ठेचून दिल्या. मी ते बटरमध्ये कालवलं. त्यांनी बोटावर घेऊन चाखलं. "ठेचा-लोणीच की हे!"

खरंच की. भाकरीवर लोण्याचा गोळा आणि शेजारी ठेचा. पिढ्यान् पिढ्या खातोय आपण. मी दोन वर्षं त्याला हर्ब बटर म्हणत होतो.

त्यांच्यासाठी वेगळ्या पॅनमध्ये उकडलेले छोटे बटाटे आणि मशरूम परतले, त्याच बटरमध्ये. भाकऱ्या खालच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या. माझे तुकडे बिडाच्या तव्यावर. ते चुर्र आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत होते. "एवढ्यात झालं?" "झालं." "बरं आहे नोकरीवाल्यांना." माझ्या ताटातलं त्यांनी घेतलं नाही, मी आग्रह केला नाही. पण जेवलो एकाच टेबलावर, एकाच वाटीतलं बटर घेत.

साडेनऊला फोन वाजला. अण्णा माझ्याकडे न बघता भाकरीचा तुकडा मोडत होते.

"जेवलात का रे दोघं? काय केलेलंस?"

"आई, अण्णांना बटाटे आणि मशरूम. मी म्हशीचं मांस केलं होतं. आणि दोन वर्षं तुला शुक्रवारी मटण सांगतोय ना, ते मटण नव्हतं."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग, "नीट शिजवून खातोस ना?"

"हो."

"तवा वेगळा ठेव."

पुढच्या महिन्यात येतेय ती. मी दुसरा बिडाचा तवा आणून ठेवलाय.

ठेचा-बटर स्टेक बाइट्स (दोघांसाठी)

साहित्य: अंडरकट ४०० ग्रॅम, मीठ पाऊण चमचा, जाडसर मिरपूड, शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल १ मोठा चमचा. बटरसाठी: मीठवालं बटर १०० ग्रॅम, लसूण ४ पाकळ्या, हिरवी मिरची १, काड्यांसकट कोथिंबीर २ मोठे चमचे, अर्ध्या लिंबाची किसलेली साल, लिंबाचा रस १ चमचा.

कृती: बटर अर्धा तास बाहेर काढून ठेवा. लसूण, मिरची, कोथिंबीर ठेचून त्यात घाला, लिंबाची साल आणि रस घालून कालवा. बटरला मीठ असतंच, वरून घालू नका. बटर पेपरमध्ये गुंडाळी करून फ्रिजमध्ये ठेवा. कच्चा लसूण आहे, त्यामुळे दोन-तीन दिवसांत संपवा, उरलेलं फ्रीझरमध्ये.

मांसाचे धाग्याच्या आडवे कापून इंचभराचे तुकडे करा, मीठ लावून सकाळीच फ्रिजमध्ये ठेवा. संध्याकाळी टिपून मिरपूड आणि तेल चोळा. बिडाचा तवा मोठ्या आचेवर पाच मिनिटं तापवा, खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. निम्मे तुकडे अंतर ठेवून मांडा आणि दीड-दोन मिनिटं अजिबात हलवू नका. उलटून आणखी दीड-दोन मिनिटं. मग दुसरा घाणा. गॅस बंद करा, सगळे तुकडे तव्यात घेऊन दोन मोठे चमचे बटर घाला, हलवा आणि ताटात काढून तीन मिनिटं थांबा.

थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ६३ डिग्री हवं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला हाच आहे, वर तीन मिनिटांचा आराम. घरात गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर त्यांच्यासाठी आत गुलाबी ठेवू नका, पूर्ण शिजवा.