आईचे गाणे

इंदूरच्या रामबागेतले आमचे जुने घर आता राहिले नाही; तरी त्या वाटेने जाताना पावले आजही घुटमळतात.

आमचे वडील ग्वाल्हेर गायकीचे निस्सीम भक्त. शेजारच्या माळवी बायकांकडून ऐकलेली लग्नातली गाणी आई काम करता करता गुणगुणू लागली, की ते म्हणत, "अगं, हे काय गाणे झाले?" आई हसून गप्प बसे.

१९४८ साली क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व हवापालटासाठी इंदूरजवळच्या देवासला येऊन राहिले. त्या सक्तीच्या विश्रांतीत कानांवर पडणाऱ्या माळवी लोकगीतांत त्यांना रागांची बीजे गवसली. पुढे एका मैफलीत त्यांनी ती लोकगीते गायिली, तेव्हा आम्ही वडिलांच्या शेजारीच बसलो होतो. परतताना ते एक शब्दही बोलले नाहीत. घरी येताच आईला म्हणाले, "तू ते लग्नातले गाणे म्हणायचीस ना, ते म्हण बरे."

आई क्षणभर थांबली. "अहो, आता चाल आठवत नाही," एवढे म्हणून ती पाने घ्यायला उठली.

खरोखरच आठवत नव्हती का, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. आज वडील नाहीत, आई नाही. १९९२ साली कुमारजीही गेले. त्यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून आजही ऐकू येते. आईचे मात्र कुठेच नाही.

वाचकहो, आपल्या घरात कुणी गुणगुणत असेल, तर त्यांना थांबवू नये. जवळ बसून ऐकावे.